तिंबक, तुझं नाव मी खडूनं लिहिलं

तिंबक, सुटलो बाबा. तूही सुटलास, मीही सुटलो.

आज तुझा दहावा झाला. नाशिकला गंगेवरून परत येताना गाडीत सगळे तोंड पाडून बसले होते आणि मला मात्र हलकं वाटत होतं. वहिनींनी ते बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही हसताय का?" मी म्हटलं, "नाय हो, तोंडच तसं हाय माझं." खोटं बोललो. तू मला दिलेलं काम मी पुरं केलं होतं, म्हणून हसत होतो.

काम तरी कसलं! चार महिन्यांपूर्वी ओट्यावर चहा पिताना तू म्हणालास, "सोपान, मी गेलो की चौकातल्या फळ्यावर तूच लिहायचं. खडूनं. आमदार नाय, माजी नाय, पक्षाचं नाव नाय. कुणाचा झेंडा अंगावर नको आणि गावात एकपण फ्लेक्स नको."

मी म्हटलं, "अरे, आपल्या गावात कुणाच्या भाच्याचा वाढदिवस असला तर वीस फुटी फ्लेक्स लागतो. तू एवढा मोठा माणूस. एक नाय, दोन दोन पक्ष तुझ्या उरावर. मी म्हातारा पेंटर त्यांना कसा आडवणार?"

तू कप खाली ठेवलास आणि तुझा तो आयुष्यभराचा शब्द उच्चारलास. "बघू."

त्या 'बघू'नं मला चार महिने झोप नव्हती. तू आधी जाशील याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती ही होती, की तू जाशील आणि मला ते जमणार नाही.

आपण दोघं एका पाटीवर चौथीपर्यंत शिकलो. पुढं तू नाशिकला कॉलेजात गेलास, मी पिंपळगावला एका पेंटरच्या हाताखाली चुना कालवायला लागलो. शिक्षण तुझं जास्त, अक्षर माझं चांगलं. हे तूही कबूल करायचास. तुझी पहिली भिंत मी रंगवली. दोरीला नीळ लावायची, दोन टोकांनी ताणून धरायची आणि सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. तिच्यावर तुझं नाव. 'त्र्यंबक' लिहायला जागा लय लागते. मी तुला म्हणायचो, "तुझ्या बापानं राम ठेवलं असतं तर एका भिंतीत दोनदा निवडून आला असतास."

जगाला तू त्र्यंबकराव झालास. ग्रामपंचायत, झेडपी, एकदा आमदारकी. मला तिंबकच राहिलास.

तुझा पक्ष धर्म, रीत, जुनं ते सोनं मानणारा. तूही तसाच. एकादशी चुकवली नाहीस, गावात दारूचं दुकान येऊ दिलं नाहीस. आणि जत्रेतला तमाशा बंद केलास, ते मी अजून माफ केलेलं नाही, ते भांडण तसंच राहू दे. पण पक्षातली तापलेली पोरं तुला आपलं मानत नव्हती. तुला मागून 'पिठलं' म्हणायची. ना तिखट, ना गोड, कुठल्याही ताटात चालतं. मी तुला ते मुद्दाम येऊन सांगितलं होतं. तू हसलास. म्हणालास, "सोपान, घरात काहीच नसतं तेव्हा पिठलंच करतात."

बौद्ध वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचं आठवतं ना? तुझ्याच पक्षाच्या एका सदस्यानं ती अडवून धरली होती. टाकी वरच्या आळीला पाहिजे म्हणून अडून बसला. तू भांडला नाहीस. तीन महिने त्याच्या घरी जाऊन नुसता चहा पीत होतास. मी चिडलो, म्हटलं ह्याच्यात काय दम नाही. चौथ्या महिन्यात टाकी उभी राहिली आणि फीत कापायला तू त्यालाच पुढं केलंस. तो छाती फुगवून भाषण करतोय, "ही टाकी व्हावी ही माझी पहिल्यापासून इच्छा." आणि तू मागं उभा राहून टाळ्या वाजवतोयस. त्या दिवशी मला कळलं, तू हरल्यासारखा दिसतोस आणि काम करून घेतोस. तोंडावर मात्र मी तसं म्हणालो नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आता भिंतीचं लिहितो. त्यासाठीच बसलोय.

आपण मागची इतकी वर्षं रोज भेटलो, पण त्या भिंतीबद्दल एक अक्षर बोललो नाही. तूही नाही, मीही नाही.

तुझी आमदारकी संपत आली होती, निवडणूक लागली होती, तिकीट तुलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. तुझ्याच पक्षातला जगनशेठ, तो कोल्ड स्टोरेजवाला, माझ्याकडं आला. म्हणाला, "पेंटरबाबा, हायवेला द्राक्षाच्या पॅकहाउसची भिंत हाय ना, लांबलचक? तिच्यावर एक ओळ पाहिजे. अशी पाहिजे, की येणारा जाणारा थांबला पाहिजे." स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली.

ती भिंत पिंजारी गल्लीच्या तोंडासमोर. गाद्या भरणारी मुसलमानांची पंधरा-वीस घरं. तुझ्या लेकीच्या लग्नातल्या गाद्या तिथल्याच, माझ्या लेकीच्याही. रशीदभाईनं स्वतः कापूस पिंजून भरलेल्या.

ती ओळ मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहिली तेवढी पुरे. मजकूर न वाचता लिहिला असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. वाचला. मला सगळं कळलं. पण तीन फुटी अक्षरं, एवढी सलग भिंत, नवा कोरा चुना! असली भिंत पेंटरला जन्मात एकदा मिळते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी परांचीवर उभा होतो. तांबडी अक्षरं, काळी सावली. उतरून लांब जाऊन बघितलं आणि माझीच मला दृष्ट लागेल असं वाटलं. रशीदभाईच्या घरचं दार बंद होतं. तेही बघितलं. पण आधी अक्षरं बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला ओरडत आला, "बाबा, पळा, तुमची भिंत कोणतरी पुसतंय." मी अनवाणी पळालो. बघतो तर तू. पांढरा पायजमा, हातात कुंचा, शेजारी चुन्याची बादली. एकटा. अर्धी ओळ गेली होती.

"तिंबक, हात आवर! माझी अक्षरं हायेत ती!"

तू वळून पण बघितलं नाहीस. "ठाऊक हाय."

"मग? एवढी चांगली अक्षरं पुसवतात तरी कशी तुला?"

तेव्हा तू थांबलास. दाढीवर चुना उडालेला. म्हणालास, "चांगली हायेत म्हणूनच पुसतोय, सोपान. वाईट असती तर कुणी वाचली नसती."

मी शिव्या दिल्या. आईवरून दिल्या. म्हटलं, "परत तुझं नाव कुठल्या भिंतीवर काढणार नाय. जीव गेला तरी नाय."

तू कुंचा बादलीत बुडवलास. "बघू."

पुढचं गावाला माहीत आहे, पण अर्धंच. कुणीतरी फोटो काढला होता, आमदार स्वतःच्याच पक्षाची ओळ पुसतोय. पोलीस आले, आचारसंहितेचा गुन्हा दाखल करायचा म्हणाले, कुणी लिहिली सांगा. तू म्हणालास, "मी पुसली एवढं लिहा. आधी तिथं काय होतं ते आता भिंतीलाच विचारा." पक्षाचे निरीक्षक तिकीट ठरवायला नाशिकला बसले. जगनशेठनं तिथं सांगितलं, की त्र्यंबकरावांनीच लिहून घेतली आणि त्यांनीच पुसली, मुसलमानांची मतं खिशात घालायला. तू नुसतं माझं नाव सांगायचं होतंस. मला बोलावलं असतं, मी जगनशेठची चिठ्ठी दाखवली असती, तू मोकळा झाला असतास. पण मग मी पोलिसांच्या दारात उभा राहिलो असतो. तू गप्प बसलास. तिकीट जगनशेठला गेलं.

आणि मी? चिठ्ठी माझ्या पत्र्याच्या पेटीत होती. मी आपण होऊन जायला पाहिजे होतं. गेलो नाही. वर पाच वर्षं तुझ्याशी बोललो नाही. का, तर तू माझी अक्षरं पुसलीस! आज लिहितानाही कानाच्या पाळ्या तापल्यात.

मग फ्लेक्स आले. मशीनमधून तासाभरात माणसाचं तोंड बाहेर पडतं, पेंटरला कोण विचारतो? माझे कुंचे वाळून कडक झाले. तेव्हा एक दिवस तू काठी टेकत माझ्या दारात आलास. रामराम नाही, खुशाली नाही. "चौकातला फळा रिकामा पडलाय. नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, लोकांना कळत नाय. लिहिशील?"

मी म्हटलं, "खडू कोण देणार?"

"मी देईन."

झालं. एवढ्यावर आपलं मिटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी मी फळ्यावर लिहायचो आणि समोर तुझ्या ओट्यावरून तू बघायचास. रेघ खाली गेली की काठी तिरकी धरून दाखवायचास. मला राग यायचा. म्हणायचो, "तुझे डोळे वाकडे." कधी पुसून सरळ केली नाही. मुद्दाम.

मागच्या काही वर्षांत तुझा पक्ष फुटला. मधोमध फुटला, उभा. दोन झेंडे, दोन अध्यक्ष, दोघंही म्हणतात खरे आम्हीच. एकदा दोन्हीकडची माणसं एकाच सकाळी तुझ्या ओट्यावर आली. जगनशेठची टोळी आत बसलेली आणि दुसरे दारात. मला वाटलं आता डोकी फुटणार. तू आत हाक मारलीस, "अगं, दूध वाढव, अजून सहा आले." सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलंस. दोघंही म्हणाले, "त्र्यंबकराव, तुम्ही आमचेच." तू म्हणालास, "मी ज्या घरात राहायला आलो त्याच्या मधी तुम्ही भिंत घातली. आता म्हाताऱ्यानं कुठल्या खोलीत झोपायचं?" जगनशेठ म्हणाला, "आमच्या." दुसरे म्हणाले, "आमच्या." तू म्हणालास, "मी आपला ओट्यावरच बरा." आणि ओट्यावरच राहिलास, शेवटपर्यंत.

गेलास पण किती सोप्यानं! सकाळचा चहा झाला, वहिनी कप न्यायला आल्या, तू खुर्चीत मान टाकलेली. दवाखाना नाही, नळ्या नाहीत. वहिनी रडल्या, मग मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जावा. ते तुम्हाला सांगून गेलेत ना काहीतरी?" मी डोळे पुसले आणि खडू घेतला.

तीन फुटी अक्षरं काढणाऱ्या हातानं तीन इंचाची अक्षरं काढली. आधी 'त्र्यंबकराव' लिहिलं. मग 'राव' पुसलं. खाली लिहिलं, 'आज सकाळी गेला. दुपारी चार वाजता नेणार. सगळ्यांनी यावं.' बास.

लिहून दोन तास होत नाहीत तोवर टेम्पो आला. जगनशेठचा. पिंपळगावहून फ्लेक्स छापून आणला होता. वरती पाच पुढारी हात जोडून, मधी जगनशेठ, आणि कोपऱ्यात तू, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मागून दुसरा गट आला, त्यांच्याकडं झेंडा, तुझ्या अंगावर घालायला इस्त्री करून आणलेला. पोरं फळ्यावरच फ्लेक्स बांधायला लागली. माझ्या लिहिलेल्यावर.

मी फळ्याला पाठ लावून उभा राहिलो. "इथं काय बांधायचं नाय. त्यानं सांगितलंय."

जगनशेठ गोड आवाजात म्हणाला, "बाबा, ते पक्षाचे नेते होते. तुम्ही बाजूला सरका, दमला असाल."

तिंबक, मी काही बोलणारा माणूस नाही. तुझ्यासारखं सतरंजी घालून समजावणं मला जमत नाही. मला जे येतं ते मी केलं. फळ्याची खालची अर्धी बाजू रिकामी होती. खडू उचलला आणि म्हटलं, "जगन, ती पॅकहाउसच्या भिंतीवरची ओळ मला पाठ हाय. इथं परत लिहितो. खाली लिहिणाऱ्याचं नाव टाकतो, ते माझं. आणि लिहून घेणाऱ्याचं टाकतो. तुझी चिठ्ठी अजून माझ्या पेटीत हाय. चारला गाव गोळा होईल, वाचू दे सगळ्यांना."

एवढ्या वर्षांचं एका दमात बाहेर पडलं. जगनशेठचं तोंड फ्लेक्सवरच्या तोंडासारखं झालं, हलेना. मग हळू आवाजात पोरांना म्हणाला, "गुंडाळा रे."

दुसऱ्या गटाला उकळ्या फुटल्या. "सांगा बाबा, लिहाच! बिनधास्त लिहा!"

मी त्यांच्याकडं वळलो. "तुमचा झेंडा पण घडी करा. त्या दिवशी तुम्ही त्याच पक्षात होता. तो एकटा भिंत पुसत होता. तुमच्यातल्या एकानं तरी बादलीला हात लावला का?"

झेंडा परत पिशवीत गेला.

मग माझ्या लक्षात आलं, की गर्दीत रशीदभाई उभा आहे. टोपी हातात. मी सगळ्या गावासमोर बोललो होतो, की ती ओळ माझी. त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "रशीदभाई, ती भिंत मी..."

"मालूम है, पेंटर," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"कुणी सांगितलं? तिंबकनं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गावात असं अक्षर दुसऱ्या कुणाचं हाय? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगं पण ओळखतं."

बघ तिंबक! इतकी वर्षं मी समजत होतो, की तू एकट्यानं माझं नाव झाकलंय. ज्या अक्षराची मी आयुष्यभर मिजास केली, ते अख्खं गाव ओळखतं, हे मला सुचलंच नाही! रशीदभाई म्हणाला, "त्र्यंबकराव त्याच दिवशी गल्लीत आले होते. चुन्याचे हात तसेच. म्हणाले, पेंटरला काय बोलू नका, तो लय मानी हाय, एक दिवस आपण होऊन बोलेल. मी म्हटलं, नाय बोलला तर? तर म्हणाले..."

"बघू," मी म्हटलं.

रशीदभाई हसला. आम्ही दोघं म्हातारे चौकात हसलो, तू समोर ओट्यावर कांबळं पांघरून पडलेला असताना. मग त्यानं मला खांद्याला धरलं आणि मी रडलो. तुझ्यासाठी त्या दिवशी तेवढाच रडलो, पण पोटभर.

चार वाजता तू निघालास. अंगावर साधी पांढरी चादर. पुढचा खांदा माझा. मागं दोन्ही गट एकमेकांच्या मागून चालत होते, झेंड्याविना. कोण कुठल्या गटाचं, ते कळत नव्हतं.

फळ्याची आपली रीत तुला माहीत आहे. मयताचं लिहिलेलं दहाव्यापर्यंत ठेवायचं आणि मग पुसायचं. गंगेवरून आलो, ओलं फडकं घेतलं आणि चौकात गेलो. दहा दिवसांत कुणी बोट लावलं नव्हतं. अक्षरं चांगलीच आली होती. फडकं घेऊन उभा राहिलो आणि जे भिंतीजवळ म्हणायला पाहिजे होतं ते फळ्याजवळ म्हटलं. "तिंबक, तू पुसलीस ते बरोबर केलंस. माझंच चुकलं." कुणी ऐकलं नाही. एक कुत्रं होतं.

मग तुझं नाव पुसलं. मला वाटलं होतं हात उचलणार नाही. उचलला.

फळा वाळला. लिहिलं, 'उद्या नळाला पाणी सकाळी सात वाजता.' मागं सरकून बघितलं. रेघ उजवीकडं जराशी खाली गेली होती. तुझ्या ओट्याकडं बघितलं. खुर्ची आत नेलीय.

फडकं परत पाण्यात बुडवलं, ओळ पुसली आणि सरळ लिहिली.